अर्धांगवायूनंतरचे पुनर्वसन आणि वैद्यकीय संमोहन

आपल्या हैदराबादेत अर्धांगवायूला जितकी नावे आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या आजाराला असतील. आपण मराठी माणसे अर्धांगवायू किंवा पक्षाघात म्हणतो, तेलुगू शेजारी पक्षवातम् म्हणतात, जुन्या शहरातील रुग्ण फालिज म्हणतात आणि सर्वांच्याच तोंडी बसलेला शब्द म्हणजे लकवा. नावे निरनिराळी असली तरी दवाखान्यात आलेल्या कुटुंबाचा पहिला प्रश्न एकच असतो : हात पुन्हा चालेल ना? अलीकडे त्याला जोडून दुसरा प्रश्नही येऊ लागला आहे : संमोहनाने काही होईल का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही जण हसण्यावारी नेऊन देतात, तर काही जण भलतीच आशा लावून देतात. दोन्ही प्रकारांत नुकसान रुग्णाचेच होते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयावर थोडे सविस्तर लिहावे असे वाटले.

मी पेशाने भूलतज्ज्ञ. आयुष्याची तीसहून अधिक वर्षे शस्त्रक्रियागृहात रुग्णाच्या उशाशी गेली. टेबलावर घेतलेल्या भेदरलेल्या रुग्णाशी कोणते चार शब्द कसे बोलावेत, याचा विचार करता करता मी संमोहनाकडे वळलो, त्याचे रीतसर शिक्षण घेतले आणि आता पुनर्वसनाच्या कामात फिजिओथेरपिस्ट सहकाऱ्यांना साहाय्य करतो. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. संमोहनाने मेंदूतील मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत. व्यायामाला ते पर्याय नाही. परंतु खचलेल्या रुग्णाला व्यायामाच्या दाराशी आणून उभे करणे आणि तेथे टिकवून धरणे, हे काम ते करू शकते.

संमोहन म्हणजे झोप नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात जेम्स ब्रेड या मँचेस्टरच्या शल्यचिकित्सकाने 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला. तो शब्द निद्रावाचक ग्रीक शब्दावरून घेतलेला असल्यामुळे हा गैरसमज आजतागायत चिकटून राहिला. वास्तविक ती एकाग्रतेची अवस्था आहे. कादंबरीत गढून गेलेल्या गृहिणीला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, कीर्तनात रंगलेल्या श्रोत्याला मांडी अवघडल्याचे भान राहत नाही. त्याच जातीची, पण हेतुपुरस्सर आणलेली ही अवस्था होय. तिच्यात दिलेली सूचना मन फारशी चिकित्सा न करता स्वीकारते. अर्थात सर्वांचे मन सारखे ग्रहणशील नसते. साधारणपणे दहा-पंधरा टक्के माणसे फार चटकन संमोहित होतात, जवळजवळ तितक्याच माणसांवर काहीच परिणाम होत नाही आणि उरलेली मध्ये असतात. आपल्या शहरात संमोहन म्हटले की पुष्कळांना जादूगार व मानसशास्त्रज्ञ बी. व्ही. पट्टाभिराम यांची आठवण येते. २०२५ साली त्यांचे निधन झाले. रंगमंचावरच्या प्रयोगासाठी प्रेक्षकांतून नेमकी ग्रहणशील माणसे निवडता येतात. दवाखान्यात ती सोय नसते. तेथे जो आला तो आपला!

भुलेच्या इतिहासाशी संमोहनाचे नाते जुने आहे आणि ते आपल्या देशात जुळले आहे. बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या डॉक्टरने ४ एप्रिल १८४५ रोजी एका कैद्यावर 'मेस्मेरिझम'च्या आधारे शस्त्रक्रिया केली आणि पुढे हत्तीरोगाच्या मोठमोठ्या गाठी त्याच पद्धतीने काढल्या. सरकारी समितीने त्याचे काम तपासले आणि १८४६ च्या अखेरीस कलकत्त्यात त्याच्यासाठी स्वतंत्र रुग्णालयही निघाले. पण त्याच वर्षी अमेरिकेत ईथर आले, पुढील वर्षी क्लोरोफॉर्म आले आणि तासन् तास हस्तस्पर्शाचे प्रयोग करण्याची गरजच उरली नाही.

क्लोरोफॉर्मचे नाव निघाल्यावर हैदराबादकर डॉक्टरला थांबणे भागच आहे. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि सहाव्या निजामाच्या द्रव्यसाहाय्याने १८८८ आणि १८८९ साली येथे दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. दुसऱ्या कमिशनसाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वसन थांबल्यामुळे, हृदय प्रथम बंद पडत नाही. श्वासावर लक्ष ठेवा, ही शिकवण मोलाची होती. परंतु हृदयाविषयीचा निष्कर्ष चुकीचा होता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाच्या कप्प्यांचे कंपन सुरू होऊन अकस्मात मृत्यू येऊ शकतो. प्रामाणिक माणसे, मुबलक पैसा, एवढे प्रयोग, आणि तरीही चूक! संमोहनाच्या बाजूने बोलताना मी हे प्रकरण मुद्दाम आठवतो.

आता मूळ आजाराकडे वळू. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबली किंवा फुटली की तेथील पेशी काही मिनिटांत मरू लागतात. तुंबलेल्या वाहिनीतील गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. निवडक रुग्णांमध्ये गुठळी नळीने ओढून काढण्याची मुदत चोवीस तासांपर्यंत वाढली आहे. या काळात संमोहन, तेल, पाला, मंत्र यांपैकी कशाचाही विचार करणे म्हणजे मेंदू हातचा घालविणे होय. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले की घड्याळ पाहावे आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. संमोहनाचा प्रश्न येतो तो जीव वाचल्यानंतर, घरी परतल्यानंतर.

घरी परतल्यावर काय होते? मेलेल्या भागाभोवतीची सूज ओसरते, स्तब्ध झालेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात, शेजारचे भाग नवी कामे शिकतात. पहिल्या तीन महिन्यांत ही सुधारणा सर्वांत वेगाने होते आणि ती थोड्याफार प्रमाणात आपोआपही होते. येथेच सारी गोम आहे. या काळात रुग्णाला ज्याने जे दिले त्याला श्रेय मिळते. कोणी कबुतराचे रक्त चोळतो, कोणी नाकात थेंब घालतो, आणि हात जरासा उचलला गेला की त्याच्या दाराशी रांग लागते. शिवाय 'लकवा' या शब्दाच्या पोटात बरेच काही जाते. केवळ चेहऱ्याची नस सुजल्याने तोंड वाकडे होते, तो बेल्स पाल्सीचा रुग्ण बहुधा बराच होतो. रक्तपुरवठा क्षणिक खंडित झालेला रुग्ण त्याच दिवशी उठून चालू लागतो. आणि ज्याच्या मेंदूत कोणतीही जखम नाही पण हात मात्र हलत नाही, असा तिसराही एक वर्ग आहे. पॅरिसच्या शार्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संमोहनाचे जे प्रयोग दाखविले, ते या तिसऱ्या वर्गातील रुग्णांवर. संमोहनाने लकवा क्षणात गेला, अशा ज्या कथा आपण ऐकतो त्यांतील बऱ्याच या वर्गात बसतात. त्या खोट्या असतीलच असे नाही, पण आपल्या रुग्णाला त्या लागू नाहीत.

मग खऱ्या अर्धांगवायूत संमोहनाला जागा कोठे? माझ्या मते ती जागा एका विलक्षण निरीक्षणात आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांत पाहिले की हाताची संवेदना नाहीशी केल्यावर माकड तो हात वापरणे सोडून देते, आणि चांगला हात बांधून ठेवला की तोच टाकलेला हात पुन्हा वापरू लागते. म्हणजे हात अगदीच निकामी झालेला नव्हता. तो न वापरण्याची सवय लागली होती. माणसातही हेच घडते. पहिल्या आठवड्यांत हात उचलत नाही, प्रत्येक प्रयत्न फसतो, चहा सांडतो, भोवतालचे लोक हळहळतात. चांगला हात सारी कामे उरकू लागतो. दोन महिन्यांनी आजारी हातात थोडी शक्ती परतलेली असते, पण मालकाला त्याची वार्ताच नसते. टॉब यांच्या विचारावर आधारलेल्या, चांगला हात बांधून आजारी हाताला कामाला लावणाऱ्या उपचाराची २२२ रुग्णांवर चाचणी होऊन तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले आणि ते अनुकूल होते. परंतु हा उपचार कष्टाचा आहे. दिवसाचे कित्येक तास अपयश गिळत बसावे लागते. त्यात आघातानंतरच्या रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश कधी ना कधी नैराश्याने ग्रासलेले असतात. अशा माणसाला 'हिंमत धरा' म्हणून काय होणार?

या हरलेल्या मनापर्यंत पोहोचण्याची एक वाट म्हणजे संमोहन. अवस्था गाढ झाली की रुग्णाला त्याच्या हाताची जुनी आठवण जागी करायला सांगतात आणि ती हालचाल मनातल्या मनात करवून घेतात. मिल्टन एरिक्सन हे संमोहनशास्त्रातील थोर नाव. १९१९ साली, सतराव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. अंथरुणाला खिळलेले असताना हालचालींच्या आठवणी मनात घोळविता घोळविता आपले स्नायू किंचित हलू लागले, असे त्यांनी पुढे सांगितले. पोलिओत इजा मेंदूला नसून मज्जारज्जूला होते, हे वैद्यकीय वाचकांच्या ध्यानी येईलच, म्हणून हे उदाहरण पुरावा म्हणून घेऊ नये. मनोमन सरावाचा पुरावा मात्र आता बराच जमला आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार नेहमीच्या उपचाराला त्याची जोड दिल्यास हाताच्या कामात बहुधा सुधारणा होते. खुद्द संमोहनाचा पुरावा त्या मानाने तुटपुंजा आहे. २००६ साली अमेरिकेतून आघाताच्या सहा रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध झाले. ते आशादायक होते, पण सहाच! २०१७ साली 'ब्रेन' या नियतकालिकात डेन्मार्कमधील एक चाचणी आली. मेंदूला इजा झालेल्या ६८ रुग्णांच्या त्या अभ्यासात संमोहनातील सूचनांनी कार्यस्मृती लक्षणीय सुधारली. ती स्मृतीची गोष्ट होती, हाताची नव्हे. याउलट मेंदूच्या प्रतिमांवरून सूचनेची ताकद दिसते. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये हॅलिगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी माणसाचा पाय केवळ सूचनेने लुळा करून त्या वेळी मेंदूचे कोणते भाग उजळतात ते दाखविले. हालचाल रोखण्याची यंत्रणा सूचनेला वश असेल, तर ती सैल करण्यासही सूचना उपयोगी पडावी, हा तर्क आहे. तर्क म्हणजे सिद्धता नव्हे. घरच्यांना शिकवून पुनर्वसन करण्याची कल्पना कोणाला पटणार नाही? पण भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'अटेंड' चाचणीत ती नेहमीच्या उपचाराहून सरस ठरली नाही. संमोहनाची तर अशी मोठी कसोटी अजून लागलेलीच नाही.

यानंतरचा मुद्दा आपल्या शहराच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संमोहनाचे औषध म्हणजे शब्द. मग ते कोणत्या भाषेत द्यावे? घरी मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी दखनी, कचेरीत इंग्रजी असे आपले आयुष्य. पंजागुट्ट्याच्या निम्समधील डॉ. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी २०१६ साली 'स्ट्रोक' या नियतकालिकात ६०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आघातानंतर ज्यांची बुद्धी शाबूत राहिली त्यांचे प्रमाण एकभाषी रुग्णांत १९.६ टक्के, तर द्विभाषी रुग्णांत ४०.५ टक्के होते. वाचा जाण्याचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच निघाले. या अभ्यासाचा संमोहनाशी काही संबंध नाही. परंतु आघात झालेला हैदराबादी मेंदू हा अनेक भाषांचे घर आहे, हे त्याने आम्हाला आकड्यांत दाखविले.

वीसेक वर्षांपूर्वीचे एक वृद्ध गृहस्थ आठवतात. घरात शुद्ध मराठी, पण शाळा निजामी अमदानीतील उर्दू माध्यमाची. (त्या काळी उस्मानियात वैद्यकीचे शिक्षणही उर्दूतून होत असे, हे तरुण डॉक्टरांना कदाचित ठाऊक नसेल.) मी त्यांना मराठीत दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितले की ते अडखळत, कपाळाला आठ्या पडत. 'दस, नौ, आठ' सुरू केले की चेहरा निवळे. हिशेब त्यांच्या मनात उर्दूत वसलेला होता. आकडे उर्दूत आणि बाकी सूचना मराठीत, असे आमचे जमले. प्रत्येक रुग्णाला मी तेव्हापासून विचारतो : तुम्ही मोजता कोणत्या भाषेत, देवाशी बोलता कोणत्या भाषेत आणि रागावता कोणत्या?

अलीकडच्या एका रुग्णाविषयी सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. काचीगुड्याकडे राहणाऱ्या साठीच्या एक वहिनी. उजव्या मेंदूत गुठळी, डावी बाजू गेलेली, वाचा शाबूत. पाय दोन महिन्यांत टेकू लागला, हात मात्र लोंबता. मधले दीड महिने दूरच्या एका गावी तेल चोळून घेण्यात गेले होते. व्यायाम त्या काळात बंद, खर्च मात्र भरपूर. माझ्याकडे आल्या तेव्हा चार महिने लोटले होते. व्यायामाला बसल्या की दहा मिनिटांत "डॉक्टरसाहेब, हा मेला हात आता माझा राहिला नाही" म्हणून उजव्या हाताने त्याला उचलून मांडीवर टाकीत. तपासणीत बोटांत थोडी पकड होती. त्यांना ती पटत नव्हती.

नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांचे औषध सुरू होते, ते तसेच ठेवले. आठवड्यातून दोनदा, फिजिओथेरपीच्या लगेच आधी वीस मिनिटे, सूनबाईंच्या उपस्थितीत संमोहन. पहिल्या दोन बैठकांत हाताचा उल्लेखही केला नाही. केवळ श्वास आणि खांद्याचा सैलपणा. ताठर स्नायू शांत मनात थोडे ढिले पडतात, तेवढ्यानेही खांद्याची कळ कमी झाली. तिसऱ्या बैठकीत त्यांना त्यांच्या माहेरच्या स्वयंपाकघरात नेले. परात समोर आहे, उजवा हात कणीक मळतो आहे, परात फिरू नये म्हणून डावा हात काठ धरून आहे. मी 'डावा हात उचला' असे एकदाही म्हटले नाही. "परात फिरते आहे का, वहिनी?" एवढेच विचारले. डाव्या हाताची बोटे किंचित मिटली. सूनबाईंनी तोंडावर पदर धरला. मी मात्र पुढचीच सूचना दिली, कारण त्या बोटांत शक्ती आधीपासून होती हे मला ठाऊक होते. नवीन एवढेच की वहिनींना ती आतून जाणवली.

त्यानंतर खरे काम केले ते फिजिओथेरपिस्ट मुलीने. दहा मिनिटांत थकणाऱ्या वहिनी पाऊण तास बसू लागल्या. खरी परात, खरी कणीक आणली गेली. घरी ऐकण्यासाठी माझ्या आवाजातील बारा मिनिटांच्या सूचना मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दिल्या. तीन महिन्यांनंतर डावा हात परात धरतो, पिशवी अडकवून घेतो, साडीच्या निऱ्या धरण्यास मदत करतो. बोटे सुटी चालत नाहीत, गुंडी लागत नाही आणि ती लागेल असे मी त्यांना सांगितलेलेही नाही. यातील किती भाग संमोहनाचा, किती व्यायामाचा, किती औषधाचा आणि किती काळाचा, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही.

व्यवसायबंधूंसाठी काही गोष्टी. समज नष्ट झालेला वाचाघात, भ्रमिष्टपणा, तीव्र नैराश्यातील आत्मघाताचे विचार, आटोक्यात नसलेले झटके, अशा रुग्णांच्या बाबतीत या वाटेला जाऊ नये. रक्तदाब, साखर, रक्त पातळ ठेवणारी औषधे यांत संमोहनाच्या भरवशावर एका गोळीचीही कपात नको. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २००३ च्या आदेशात हिप्नोथेरपीला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, ती नोंदणीकृत वैद्यकांना किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांना. तसेच १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या यादीत पक्षाघाताचे नाव आहे. तो बरा करण्याची जाहिरात हा गुन्हा आहे. ज्याच्या फलकावर 'संमोहनाने लकवा बरा' असे लिहिलेले दिसेल तेथे रुग्णाला पाठवू नये. रुग्णाच्या घरच्यांनीही तीन प्रश्न अवश्य विचारावेत : आपले वैद्यकीय शिक्षण काय, आमच्या फिजिओथेरपिस्टशी आपण बोलणार का आणि किती बैठकांनंतर आपण थांबाल? माझा स्वतःचा नियम आठ बैठकांचा आहे. तोवर व्यायामाच्या वेळेत किंवा उत्साहात फरक दिसला नाही तर मी नमस्कार करून बाजूला होतो.

गेल्या महिन्यात वहिनींनी फोन केला. त्यांच्या ओळखीच्या एका तेलुगू कुटुंबातील यजमानांना आघात झाला होता आणि माझे ध्वनिमुद्रण त्यांना पाठवू का, असे त्या विचारीत होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की आघात डाव्या मेंदूचा आहे, उजवा हात गेला आहे आणि बोललेले त्यांना समजत नाही. ध्वनिमुद्रण पाठवू नका म्हणालो. स्पीच थेरपिस्टची वेळ ठरवून दिली आणि त्यांचा फिजिओथेरपीचा एकही दिवस चुकू देऊ नका, एवढा निरोप वहिनींकडे दिला.